वस्तीच्या कोटाचं माप

६ एप्रिल, रविवार. सकाळी ६.१०

गड्‌गड्‌, गड्‌गड्‌. पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या दोन गोळ्या या टोकाकडून त्या टोकाला घरंगळायच्या, तो आवाज. आज जाग त्यानंच आली. ट्रंक डोक्यावर घेऊन कोणी वस्तीतून निघालं की हा आवाज घरोघर ऐकू जायचा आणि बायका चुलीपुढून म्हणायच्या, कोट निघाला. चाळीस वर्षं झाली. ट्रंक भंगारात गेली, गोळ्या विरून गेल्या, आवाज तेवढा शिल्लक. यावर कविता होऊ शकते. करावी.

आजचा मुख्य विषय वेगळा. प्रणालीचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ११ मे रोजी. मांडव, जेवण, बँजो, सगळं ठरलं. वधूपिता काय घालणार, हा प्रश्न घरात कोणालाच पडलेला नाही. शेवटी होणारे जावई पियूष यांनी पनवेलहून आपण होऊन फोनवर एक लेख पाठवला. ‘प्रत्येक पुरुषाच्या कपाटात असायलाच हवेत असे सूट.’ दोनदा वाचला. किमान तीन. नेव्ही ब्लू, ग्रे आणि ब्लॅक. माझ्या कपाटात आजमितीला शून्य.

बत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. बुशशर्टात राहिलो. वय एकोणसत्तर. आता नाही तर कधी?

संकल्प: महिनाभरात तीन सूट. घाई नाही, पण दिरंगाईही नाही.

७ एप्रिल, सोमवार

जयमालेला सांगितलं. ती काजूच्या बिया निवडत होती. मान वर न करता म्हणाली की मे महिन्यात बैलसुद्धा झाडाखाली उभा राहतो. तीन सूट कशाला, असंही विचारलं. एक अंगावर, दुसरा वाळत आणि तिसरा तुम्हाला वारा घालायला का, असं.

तिला लेख वाचून दाखवला. ‘योग्य सूट माणसाचं व्यक्तिमत्त्व बोलकं करतो.’ ती म्हणाली, अजून बोलकं?

दुर्लक्ष केलं.

९ एप्रिल, बुधवार

दुपारभर आमंत्रणाची यादी. जयमाला सांगत गेली, मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. पहिलं नाव तिनं कृष्णाजीचं सांगितलं. मी ते थोडं खाली घेतलं. तिनं पुन्हा वर घ्यायला लावलं.

कृष्णाजी माझा बालमित्र. चौथीपर्यंत रत्नपाल आणि कृष्णाजी एका बाकावर. कविता तालात म्हणायची झाली की आवाज त्याचा आणि शब्द माझे. तो शब्द विसरायचा, मी सूर. दोघं मिळून एक चांगला विद्यार्थी होत असू. पुढे १९८४ साली लग्न झाल्यावर तो सासुरवाडीला दिवेआगरला सुपारीच्या वाडीत कामाला गेला, तो तिथलाच झाला. तिकडची समुद्राची हवा त्याला मानवली, असं मी नेहमी सांगत आलो. जयमाला म्हणाली, आपल्या दाराशी काय तलाव आहे? रेवदंड्यालाही समुद्रच आहे. मुद्दा बरोबर आहे. पण प्रत्येक समुद्राची हवा वेगळी असते.

अडचण अशी की आमच्यात पत्रिका नावाला. घरी जाऊन, पाणी पिऊन, तोंडानं ‘या’ म्हटल्याशिवाय आमंत्रण झालं असं कोणी धरत नाही. फोनवर बोलावलेला माणूस फोनवरच येतो, असं आई म्हणायची. म्हणजे मला दिवेआगरला जावं लागणार.

जाईन की. त्यात काय.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी

झोप आली नाही. वस्तीच्या कोटाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल.

समाजमंदिरातल्या तसबिरीत बाबासाहेब निळ्या कोटात आणि त्याच तसबिरीपुढे आमची पोरं लग्नाला उभी राहायची ती मागून आणलेल्या कपड्यांत. १९७७ साली मुंबईला गिरणीत असलेल्या आमच्या माणसांनी ठरवलं की हे बंद. सगळ्यांनी मिळून एक निळा कोट आणि पँट शिवून वस्तीला पाठवली. ज्याचं लग्न त्यानं घालायची, धुऊन परत करायची. माप बाबाजींचं घेतलं, कारण शिंप्याकडे जायला त्या दिवशी रजा त्यांनाच होती. बाबाजी त्यांच्यातलेच, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. सहा फूट, आणि आडवेही कमी नव्हते.

कोट ठेवायचा कोणाकडे? वस्तीत डी.एड. झालेला मी एकटा, आणि कुलपाची ट्रंकही माझ्याकडेच. सभेनं एकमतानं मला राखणदार केलं. माप मी वहीत उतरवून घेतलं, ते अजून तोंडपाठ आहे. छाती चव्वेचाळीस, खांदा एकोणीस, बाही सव्वीस. बावीस नवरदेव त्या कोटात उभे राहिले. काय एकेकाचा रुबाब. सगळ्यांना तो अंगासरसा बसला.

तेविसावा कृष्णाजी. काही तांत्रिक कारणामुळे त्याला कोट मिळू शकला नाही.

असो.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी

उत्तम कल्पना. तीन सुटांपैकी ग्रे सूट कृष्णाजीला द्यायचा. बाप म्हणून मी नेव्ही ब्लूमध्ये, शेजारी ग्रेमध्ये तो. जयमाला तीन कशाला म्हणत होती, त्याचं उत्तर मिळालं. काळा राखीव.

एकदम हलकं वाटलं. चहा दोनदा घेतला.

१२ एप्रिल, शनिवार

कृष्णाजीकडे निघालो. रेवदंड्याहून मुरूड, तिथून आगरदांडा, तिथून खाडीपलीकडे दिघीला फेरीबोट, मग दिवेआगर. सकाळची एस.टी. पकडली.

मुरूडला उतरून चहा घेतला. विचार केला की रिकाम्या हातानं जाणं बरं नाही, सूट शिवून झाल्यावर तो घेऊनच जावं. परतलो. जयमालेला सांगितलं, पलीकडे फेरीबोटीला फार गर्दी असेल. ती म्हणाली, मुरूडवरून दिसली का? मी म्हटलं, अंदाज.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणूक, खीर, भाषणं. माझा संकल्प होता की आज नेव्ही ब्लूमध्ये भाषण करायचं. कापडही आणलेलं नसल्यामुळे पांढऱ्या सदऱ्यात केलं. पंचवीस मिनिटं. लोक उन्हामुळे चुळबुळत होते.

वस्तीतली तरुण मुलं मात्र एकेक सुटात. कोणाचा निळा, कोणाचा करडा, कोणाचा तर मरून. बँकेत, कोर्टात, पोर्टवर नोकऱ्या. कोणाला कोणाचा मागावा लागत नाही. त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. खीर जड झाली असावी.

१६ एप्रिल, बुधवार. अलिबाग

कमलेश टेलरकडे गेलो. तरुण आहे, पण हात चांगला असल्याचं पियूषराव म्हणाले. कापड निवडलं. जाड, वजनदार, हातात धरल्यावर भारदस्त वाटतं असं. कमलेश म्हणाला, काका, हे थंडीतलं आहे. मी त्याला लेख दाखवला. दर्जा म्हणजे दर्जा.

जयमालेच्या आग्रहामुळे काळा रद्द. दोनच सूट. लेखातल्या तीनपैकी दोन म्हणजे बहुमत झालं.

मग तो टेप घेऊन पुढे आला. मी थांबवलं. मापं मला पाठ आहेत, लिहून घे म्हटलं. छाती चव्वेचाळीस, खांदा एकोणीस, बाही सव्वीस. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसरा सूट कोणाचा, विचारलं. माझ्या मित्राचा. त्याचं माप? हेच. दोघांचं एकच माप कसं, असं म्हणायला लागला. तेव्हा त्याला सांगितलं की हे माप बावीस माणसांना बसलेलं आहे. अनुभवसिद्ध आहे. माझ्या लग्नात मलाही बसलं होतं.

टेप लावू द्या काका, दोन मिनिटांचं काम आहे, असं तो तीनदा म्हणाला. आजकालच्या मुलांचा परंपरेवर विश्वास नाही.

२० एप्रिल, रविवार

दुसरा प्रयत्न. आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत यशस्वी. फेरीबोट समोर उभी, गाड्या चढत होत्या. मी चढलो नाही. समुद्र खवळलेला वाटला. शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, खवलेला कुठं हाय, ताटात ओतल्यासारखा हाय. कोळ्यांना सवय असते.

एक वडापाव खाल्ला. परत आलो.

खरं कारण लिहून ठेवावं, इथे कोण वाचणार आहे? कृष्णाजीला कोट न मिळण्याचं तांत्रिक कारण असं की त्या दिवशी कोट ओला होता. ओला कोट कोण कोणाला देईल? मी राखणदार होतो. माझीही काही जबाबदारी होती.

२३ एप्रिल, बुधवार

सूट देताना नुसतं ‘घे’ म्हणणं शोभणार नाही. चार ओळी हव्यात, आणि त्याही आपण शाळेत म्हणत होतो तशा, वृत्तात. शार्दूलविक्रीडित घेतलं. ‘कृष्णाजी’ हे नावच असं आहे की ओळीच्या आरंभी घट्ट बसतं. पहिली ओळ एका झटक्यात आली:

कृष्णाजी, मजला क्षमा कर गड्या, तो कोट माझ्याकडे

मोठ्यानं म्हणून पाहिली. डोळे भरून आले. पुढची ओळ ‘होता’ या शब्दानं सुरू व्हायला हवी, म्हणजे अर्थ पुरा होईल. तो कोट माझ्याकडे होता. पण ‘होता’ लिहिलं की पुढे का दिला नाही ते लिहावं लागतं, आणि त्याला यमक मिळत नाही. ‘वाकडे’ मिळालं, ‘माकडे’ मिळालं. दोन्ही बाजूला ठेवली.

जयमालेनं स्वयंपाकघरातून विचारलं की एवढ्या मोठ्यानं कोणाची क्षमा मागताय. मी म्हटलं, सराव. ती म्हणाली, एवढ्या वेळात चालत जाऊन आला असतात.

२७ एप्रिल, रविवार

तिसरा प्रयत्न. आज मोठी प्रगती. फेरीबोटीत चढलो. बसलो. बोट सुटली. वारा छान. दिघीचा धक्का जवळ येत गेला, वरचं डोंगराचं रान दिसायला लागलं, रिक्षावाले दिसायला लागले. दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं.

उतरलो नाही.

बोट रिकामी झाली, पुन्हा भरली. तिकीटवाल्यानं विचारलं, बाबा, उतरायचं न्हाय का? मी म्हटलं, मी फक्त फेरी मारतोय, निसर्ग बघतोय. त्यानं परतीचं तिकीट फाडलं आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. दोघं हसले.

परतताना लाटा बघत बसलो. एक कबूल करतो. कोट ओला होता, पण आपोआप ओला झाला नव्हता. मी घातला होता.

२८ एप्रिल, सोमवार

कालचं अर्धवट राहिलं, ते आज पुरं करतो.

१९८४चा एप्रिल. माझं लग्न होऊन दोन महिने झालेले. शाळेला तपासणी लागली. तालुक्याहून साहेब येणार. राखणदारानं कोट वापरायचा नाही असा काही लेखी नियम नव्हता. शिवाय दोन दिवसांनी कृष्णाजीचं लग्न, त्याआधी कोटाला जरा हवा लागणं आवश्यकच होतं. मी तो शाळेत घालून गेलो.

साहेब खूश दिसले. मला स्फुरण चढलं. विषय सागरावरच्या कवितेचा होता, तेव्हा मुलांना प्रत्यक्ष अनुभव द्यावा म्हणून सगळ्या वर्गाला आणि साहेबांनाही किनाऱ्यावर नेलं. स्वतः रचलेल्या ओळी म्हणत पाण्यात चार पावलं पुढे गेलो, हात पसरून. ‘ये सागरा, ये भेटण्या’ अशी सुरुवात होती.

तो आला.

मुलं एवढी हसली की साहेबही हसले. शेऱ्यात ‘उत्साही शिक्षक’ असं लिहिलं. तो कागद मी फ्रेम करून ठेवला आहे, तो या कारणासाठी नव्हे.

जयमालेनं घरामागे कोट वाळत घातला. सकाळी तो कडक झाला होता, पापडासारखा, आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे नकाशे उमटले होते. तिनं पुन्हा गोड्या पाण्यात बुडवला. दुपारी कृष्णाजी ट्रंक न्यायला दारात उभा.

दोष, नीट पाहिलं तर, लाटेचा.

१ मे, गुरुवार. अलिबाग

ट्रायल.

नेव्ही ब्लू अंगात चढवला. चढवला म्हणजे मी त्यात उतरलो. बाहीतून बोटं बाहेर येईनात. खांदे दोन्ही बाजूंना पुढे निघून गेले, मी मध्ये राहिलो. कमलेश हात बांधून उभा. म्हणाला, काका, यात आणखी एक माणूस बसतो, मित्रालाच घ्या आत, दुसऱ्या सुटाची गरज नाही.

मी सांगितलं की कापड अजून नवीन आहे, घातल्यावर बसेल. तो म्हणाला, कापड बसत नाही काका, माणूस बसतो.

मग टेप लावला. छाती छत्तीस निघाली. मी टेप तपासायला सांगितला.

नेव्ही ब्लू उसवून पुन्हा करून देतो म्हणाला, जमेल तेवढा. लग्नसराई आहे, ग्रे मात्र तसाच न्या. आणला. दाराच्या मागे लावला आहे. संध्याकाळी अंधारात बाबाजीच उभे आहेत असं वाटून दचकलो.

जयमालेला विचारलं, वस्तीचा कोट सगळ्यांना कसा काय अंगासरसा बसायचा? ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, अहो, पाठीला पिना असायच्या. तुमच्या लग्नात अकरा लावल्या होत्या. समोरून नवरदेव, मागून चाळणी. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, फोटो समोरून काढायचे.

मला हे कोणी कधीच सांगितलं नाही. मी राखणदार होतो.

४ मे, रविवार

आठ दिवस उरले. खरं म्हणजे सात. परिस्थितीचा आढावा: काळा सूट रद्द. नेव्ही ब्लू उसवलेला. ग्रे दारामागे. आमंत्रणं सगळी झाली, एक सोडून. कविता पहिल्या ओळीवर.

जयमालेनं आज विषय स्पष्ट काढला. एरवी ती टोमणा मारते, आज टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, “कोट दिला नाहीत ते मी समजू शकते. चौल का म्हणालात?”

नारळ सोलायला गेलो. तीन सोलले, गरज एकाची होती.

लिहितो. कृष्णाजी दारात उभा होता तेव्हा कोट बादलीत होता, आठ पावलांवर. मी त्याला म्हटलं, कोट इथे नाही, चौलच्या वस्तीत एका लग्नाला गेलाय, अजून आला नाही. का म्हटलं, माहीत नाही. चौल तोंडात आलं. तो ‘बरं’ म्हणाला. मला वाटलं, संपलं.

तो चौलला गेला. उद्या लग्न, अंगाला हळद लागलेली, नवरदेवानं घराबाहेर पडायचं नसतं, तरी गेला. उन्हात. चालत. चौलच्या वस्तीत घराघरांत विचारत फिरला की आमच्या रेवदंड्याचा कोट कोणाकडे आलाय. कोणाकडेच आलेला नव्हता. संध्याकाळी परत आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. घामानं हळद शर्टावर उतरली होती. तोच शर्ट धुऊन दुसऱ्या दिवशी तसबिरीपुढे उभा राहिला.

लग्नात जेवताना माझ्या पानात त्यानं स्वतः वाढलं.

कोटाला कसर लागली असं मी पुढे सभेत सांगितलं. गिरण्या बंद पडल्या होत्या, दुसरा कोट येणं शक्य नव्हतं. ती रीत माझ्यापाशी संपली.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी कोट दिला नाही याचं वाईट वाटतं. तसं नाही. त्याला मी चालायला लावलं.

५ मे, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. थोडं भावनेच्या भरात झालंय. पण निर्णय पक्का. उद्या जाणार. सूटबीट काही नाही, कविताही नाही. जायचं, पाणी प्यायचं, ‘या’ म्हणायचं, आणि चौलचं सांगायचं.

६ मे, मंगळवार

मांडववाला आला होता. मी नसतो तर बांबू कुठे रोवायचे हे त्याला कोणी सांगितलं असतं? (तो म्हणाला, गेली वीस वर्षं इथेच रोवतोय.)

उद्या नक्की.

७ मे, बुधवार

गुडघा.

८ मे, गुरुवार

काळानुसार बदललं पाहिजे. प्रणालीकडून कृष्णाजीचा नंबर घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवायला बसलो. खाली दोन शब्द लिहावेत म्हणून लिहू लागलो. ‘प्रिय कृष्णाजी’ लिहून खोडलं. ‘मित्रा’ लिहून खोडलं. पाऊण तास. तेवढ्यात जयमाला मागून आली, म्हणाली, फोनवर बोलावणार? त्याला? आणि निघून गेली.

शेवटी नुसती पत्रिका पाठवली. पाठवल्याबरोबर लाज वाटली, म्हणून पुसून टाकली. आता तिथे लिहून आलंय की हा संदेश पुसण्यात आला आहे. म्हणजे मी काहीतरी पाठवलं आणि परत घेतलं, एवढंच त्याला कळणार.

दुसऱ्यांदा.

९ मे, शुक्रवार

प्रणाली जवळ येऊन बसली. ती फार बोलत नाही, आईवर गेलेली नाही. म्हणाली, बाबा, कृष्णाजीकाका येणार ना? मी म्हटलं, बघू, त्यांची वाडी, त्यांची कामं. ती म्हणाली, मला शाळेत कविता तुम्ही शिकवल्यात, पण प्रत्येक कवितेच्या शेवटी तुम्ही म्हणायचात की हिची खरी चाल कृष्णाजीला येते. एकदा ऐकायची होती.

मी तिला सांगितलं की येईल.

हे खोटं मात्र मी माझ्यासाठी बोललो नाही. तरी हिशेबात तेही खोटंच.

१० मे, शनिवार

हळद. घर माणसांनी भरलेलं. ओट्यावर बसायला जागा नाही. बँजोवाले आले, त्यांना चहा.

नेव्ही ब्लू आला. कमलेशनं जेवढं जमलं तेवढं केलं. पुढून ठीक. मागून नाही. कमलेश म्हणाला की काका, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जयमालेनं पिनांचं पाकीट आणून ठेवलं आहे.

अंगात घालून बघितला. अर्ध्या मिनिटात घाम पाठीवरून पायापर्यंत. प्रणालीच्या मावशा हळद दळणं थांबवून बघायला आल्या. एकीनं विचारलं, भावोजी, आतून कुकर लावलाय का?

पाहुण्यांत कृष्णाजीबद्दल चारजणांनी विचारलं. चौघांना चार कारणं दिली. आता कोणाला कोणतं दिलं ते लक्षात ठेवावं लागणार.

मांडवात पहिल्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवावी म्हणून मांडववाल्याला सांगितलं. कोणासाठी, त्यानं विचारलं. म्हटलं, असू दे.

उद्या पहाटे उठून जाऊन येता येईल का? पहिली एस.टी., पहिली फेरीबोट. लग्न अकराला. येता येणार नाही. हे मला आठ दिवसांपूर्वीही ठाऊक होतं आणि पंधरा दिवसांपूर्वीही. उशीर व्हावा म्हणूनच मी उशीर करत होतो, असं आता वाटतं. उशीर झाला की माणूस सुटतो.

सुटलो नाही.

११ मे, रविवार. सकाळी ९.१०

आंघोळ झाली. बनियन आणि नेव्ही ब्लूची पँट, पट्ट्यानं आवळलेली. कोट खुर्चीवर. जयमाला पिना घेऊन येतेच आहे. तोवर दोन ओळी लिहून घेतो.

मन शांत आहे. जे झालं ते झालं. लग्न पार पडलं की पुढच्या आठवड्यात दिवेआगरला सवडीनं जाईन, लाडू घेऊन. तेव्हा सगळं बोलेन. उलट तेव्हा निवांतपणा असेल. हेच बरं.

९.१६

दारात कोणीतरी आलंय. मला वाटलं फुलवाला. चंदाबाई आहेत. कृष्णाजीची बायको. एकट्या. पांढरं लुगडं, पदर घट्ट खोचलेला, पायांत रेती. त्यांच्या लग्नानंतर मी त्यांना तीनदा पाहिलं असेल, ते परक्यांच्या लग्नांत. यांना कोणी बोलावलं? मी जयमालेकडे बघितलं. ती पिना मोजायला लागली. म्हणजे हिनं फोन केला.

बसा म्हटलं. बसल्या नाहीत. पाणी दिलं. घेतलं नाही. म्हणाल्या, “गुरुजी, ते भायेर रिक्षात बसलेत. पहिल्या बोटीनं आलो. म्हनतात, जयमालावहिनींनी बोलावलं म्हनून दारापर्यंत आलो. आत यायचं का ते रत्नपालनं सांगावं. न्हायतर हीच रिक्षा परत फिरवतो.”

९.१९

रिक्षा चालू आहे, आवाज येतोय. मी म्हटलं, कोट घालून येतो, असं कसं जाणार. पिना लावायला पाच मिनिटं तरी लागतील. जयमाला म्हणाली, “आज एकही लावणार नाही. आहात तसे जा.”

बनियनवर?

९.२१

काय म्हणायचं ते आधी मनाशी जुळवून घ्यावं म्हणून लिहितोय. ‘ये’ म्हणायचं की ‘या’? आधी चौलचं सांगायचं की आधी आत बोलवायचं? आत आल्यावर सांगितलं तर फसवून बोलावल्यासारखं होईल. रिक्षातच सांगितलं पाहिजे. रिक्षावाला ऐकेल. ऐकू दे.

चंदाबाई दारातच उभ्या आहेत आणि मी लिहितोय त्याच्याकडे बघतायत. जयमालेनं पेनाचं टोपण पुढे केलंय.

एवढं वाक्य झालं की उठतो.